वाचकांचे प्रश्न : अस्वल दिव्यातलं तेल का पितं?

मागच्या अंकात प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांच्या खाण्यापिण्यावर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की अस्वलाला जास्त प्रोटीन मानवत नाही, त्याला चरबी लागते. त्या एका वाक्यावर इतके मेल आलेत की यावेळचं अख्खं सदर अस्वलालाच देऊन टाकतोय. हत्तीवर प्रश्न विचारलेल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा प्लीज.

सर, आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, डोंगराला लागून. गावाबाहेर देवीचं छोटं मंदिर आहे, तिथे रात्री अस्वल येतं आणि समईतलं तेल पिऊन जातं. परवा तर तेलाचा कॅनच लवंडून ठेवला आणि खोबऱ्याच्या वाट्या संपवल्या. म्हातारी माणसं म्हणतात देवीचं अस्वल आहे, येऊ द्या. पण मुळात अस्वल तर मध आणि फळं खातं ना? त्याला तेल कशाला लागतं?

तुमचं अस्वल एकटं नाहीये हो. तिकडे नीलगिरीत कोटागिरी, कुन्नूरच्या बाजूला अस्वलं देवळात शिरून दिव्यातलं तेल पितात हे नेहमीचंच झालंय, आणि छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात चंडी मातेचं मंदिर आहे तिथे तर अस्वलांचं कुटुंबच्या कुटुंब प्रसादाला येतं आणि लोक मोबाईल काढून उभे असतात. तेल म्हंजे शंभर टक्के फॅट, खोबरं म्हंजे पण बहुतेक फॅटच. आता ते अस्वल हे खातं यात अस्वलाचं काही चुकत नाही, चुकतं ते आपलं, कारण आपण लहानपणापासून अस्वल म्हटलं की मधाचं मडकं एवढंच डोक्यात घेऊन बसलोय.

आपलं जे काळं अस्वल आहे ना, इंग्रजीत स्लॉथ बेअर म्हणतात ते, मेळघाटातलं, ताडोब्यातलं, ज्ञानगंगेतलं, त्याचं तोंड एकदा नीट बघा, फोटोत बघा म्हंजे, जवळ जाऊ नका. वरचे मधले दोन पुढचे दात त्याला नसतातच, तिथे फट असते. ओठ लांब आणि लोंबते, ते पुढे काढून नळीसारखे करता येतात, आणि नाकपुड्या हवं तेव्हा बंद करता येतात. हे सगळं कशासाठी, तर वारुळासाठी. लांब नखांनी वारूळ फोडायचं, आधी फू करून माती उडवायची, मग त्या फटीतून वाळवी आणि तिची अंडी, अळ्या सुर्र करून ओढून घ्यायची, आणि नाकात माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून. हा आवाज रात्री जंगलात बराच लांबून ऐकू येतो, ज्यांनी ऐकलाय त्यांना माहितीय, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं कुणीतरी जुना व्हॅक्युम क्लीनर चालू केलाय. जगात अस्वलाच्या आठ जाती आहेत आणि त्यातली ही एकच अशी वाळवी-मुंग्यांवर जगायला घडलेली आहे. फळं खातं, भरपूर खातं, मार्च-एप्रिलमध्ये मोह, मग टेंभुर्णी, जांभूळ, हिवाळ्यात बोरं, बहाव्याच्या शेंगा, उंबरं. पण फळं सिझनची असतात, वारूळ बारमाही. आणि वाळवीच्या आणि मुंग्यांच्या अंड्या-अळ्यांमध्ये फॅट चांगलं असतं.

आता यातली गंमत. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत अस्वलांसाठी एक केंद्र आहे, १९८६ पासून चालू आहे, चार्ल्स रॉबिन्स म्हणून वन्यप्राण्यांच्या आहारावर काम करणारे शास्त्रज्ञ आहेत त्यांनी उभं केलेलं. या लोकांची पद्धत मला फार आवडते, ते अस्वलाला डाएट चार्ट लावत नाहीत, समोर वेगवेगळं खाणं हवं तेवढं ठेवतात आणि अस्वल काय किती खातंय ते मोजत बसतात. म्हंजे अस्वलालाच विचारायचं. तर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांमधल्या आपल्या जातीच्या अस्वलांसमोर अव्होकाडो, भाजलेली रताळ्यासारखी कंदं, सफरचंदं असं ठेवलं. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अस्वलांनी अव्होकाडोवर ताव मारला, जवळपास ८८ टक्के अव्होकाडो आणि १२ टक्के कंद, आणि सफरचंदाकडे बघितलंसुद्धा नाही! अव्होकाडो म्हंजे फळ असलं तरी आतून ते लोणीच, त्यातल्या कॅलरीपैकी पाऊण हिस्सा फॅटचा असतो आणि प्रोटीन अगदी नावाला. ज्या जनावराच्या जंगलात अव्होकाडो पिकतच नाही त्याने ते बरोब्बर निवडलं, कारण त्याच्यातला फॅटचा हिशोब जंगलातल्या वाळवी-अळ्यांच्या खाण्याच्या जवळ जातो.

म्हणून तुमच्या समईचं मला नवल वाटलं नाही. मात्र देवीचं अस्वल आहे म्हणून येऊ द्या हे नको. तेल एकदा सापडलं की ते परत परत येणार, मग पिल्लांना घेऊन येणार, आणि पहाटे काकड आरतीला जाणारं माणूस आणि पिल्लंवाली अस्वलीण समोरासमोर आली की काय होतं ते बुलढाण्यात मी सांगायला नको. गाभाऱ्याला नीट लोखंडी दार लावा, रात्री तेल, खोबरं, पेढे काही आत ठेवू नका, कॅन गावात कुणाच्या घरी ठेवा, आणि वनरक्षकाला कळवून ठेवा. दिवा तेवत ठेवायचाच असेल तर जाळीच्या आत, उंच, हात पोचणार नाही असा, आणि अस्वल चढतं हे लक्षात ठेवून उंच म्हणतोय मी.

मी सिॲटलला असते. इथे दर वर्षी अलास्काच्या अस्वलांचा लाईव्ह कॅमेरा आम्ही घरात लावून ठेवतो, मुलीला फार आवडतो. पण एक गोष्ट कळत नाही, जाडं अस्वल मासा पकडतं, वरची कातडी सोलून खातं, अंडी खातं आणि बाकी सगळा लाल मासा तसाच टाकून देतं. ही नासाडी नाही का? आमच्याकडे तो मासा किती डॉलरला मिळतो!

डॉलरचा हिशोब अस्वलाला नाही कळत, कॅलरीचा कळतो. तुम्ही बघताय ती कॅटमाय नॅशनल पार्कमधली ब्रुक्स नदी, तिथे २०१४ पासून सगळ्यात जाडं अस्वल कोण याची ऑनलाईन मतदानाने स्पर्धा होते, ओटिस नावाचं म्हातारं अस्वल चारदा जिंकलंय आणि ग्रेझर नावाची अस्वलीण २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोनदा. तुमच्या मुलीला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

मुद्दा असा की या अस्वलांना पुढे सहा महिने काही न खाता गुहेत पडून राहायचंय, त्यात वजनाचा तिसरा हिस्सासुद्धा जाऊ शकतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटाला त्यांना चरबी चढवायची घाई असते. माशाच्या मांसात प्रोटीन भरपूर, फॅट कमी, आणि मासा जसजसा नदीत वर चढत अंडी घालायच्या जवळ येतो तसतशी त्याची स्वतःची चरबी वापरून संपत येते. फॅट उरतं ते कातडीखाली, मेंदूत, अंड्यांमध्ये. मासे कमी असतात तेव्हा हेच अस्वल शेपटीपर्यंत सगळं खातं. पण नदी माशांनी भरली असेल तर पोटातली जागा कशाला भरायची हा प्रश्न येतो, आणि पोटाला जागा शेवटी ठरलेलीच असते, मग ते क्रीम क्रीम खातं आणि बाकी सोडून देतं. नासाडी तर अजिबातच नाही कारण उरलेलं सीगल, कोल्हे, छोटी अस्वलं खातात आणि शेवटी जंगलातली माती खाते.

पण याहून भारी गोष्ट कोडियाक बेटावरची आहे, तीही अलास्कातच. तिथे लाल एल्डरबेरी म्हणून एक रानफळ आहे, छोटी लाल घोसदार, ती साधारण मासे संपत आले की पिकायची, म्हंजे आधी मासे मग फळं असं अस्वलांचं चालायचं. तर उष्णता वाढल्यामुळे फळं लवकर पिकायला लागली आणि दोन्ही एकाच वेळी यायला लागलं. सगळ्यांना वाटलं अस्वल काय मासे सोडतंय होय. अस्वलांनी मासे सोडले! नद्या माशांनी भरलेल्या आणि अस्वलं डोंगरावर फळं खातायत. २०१७ मध्ये हे छापून आलं. कारण बघायला गेलं तर त्या एल्डरबेरीत इतर फळांपेक्षा प्रोटीन जास्त असतं, आणि ते जितकं आहे ते अस्वलाच्या वजन वाढायच्या गणितात जवळजवळ नेमकं बसतं, माशात मात्र ते गरजेच्या कितीतरी पुढे जातं.

हे गणित कुठून आलं तेही सांगतो, कारण पुढच्या प्रश्नांना लागणार आहे. त्याच रॉबिन्स यांच्या केंद्रात ग्रिझलींसमोर, म्हंजे अमेरिकेतल्या तपकिरी अस्वलांसमोर, हवं ते हवं तेवढं खायला ठेवलं तेव्हा त्यांनी आपलं आपण मिसळून मिसळून असं खाल्लं की एकूण कॅलरीपैकी साधारण १७ टक्के प्रोटीनमधून आल्या, बाकी सगळ्या फॅट किंवा साखर-पिष्टातून. हे २०१४ चं काम. नुसती फळं दिली तर प्रोटीन इतकं कमी पडतं की नुसतं जिवंत राहायलाच जास्त कॅलरी खर्च होतात आणि अस्वल दिवसभर खाऊनही वजन धरत नाही. नुसतं मांस-मासे दिले तर उलटं, जास्तीचं प्रोटीन तोडायचं, त्यातला नायट्रोजन युरिया करून लघवीतून बाहेर टाकायचा, यात ऊर्जा जाते, उष्णता होते आणि यकृत-मूत्रपिंडावर काम पडतं. दोन्ही मिसळलं की सगळ्यात पटकन वजन. तुमचं कॅमेऱ्यातलं अस्वल हेच करतंय, फक्त फळांऐवजी कातडीतून.

डॉक्टर, मी रोज जिम करतो, पुण्यात. तुम्ही लिहिलंत अस्वलाला प्रोटीन कमी लागतं. मग एवढी ताकद कुठून येते? १७ टक्के हे जरा कमीच वाटत नाही का? आमचा ट्रेनर तर म्हणतो जितकं जास्त तितकं चांगलं.

पहिलं म्हंजे मी जनावरांचा डॉक्टर, तेव्हा तुमच्या ट्रेनरशी भांडण माझं नाही. पण १७ टक्के हे वजनाचे नाहीत, कॅलरीचे आहेत, आणि इथेच सगळे घोळ घालतात. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याच्या बाबतीत १७ टक्के म्हंजे ३४० कॅलरी, एक ग्रॅम प्रोटीनच्या चार कॅलरी धरल्या तर ८५ ग्रॅम प्रोटीन. कमी कुठाय? आणि अस्वल तर हिवाळ्याआधीच्या दिवसांत दिवसाला वीस-वीस हजार कॅलरी हाणतं, त्याच्या १७ टक्क्यांत किती प्रोटीन बसतं ते तुम्हीच गुणाकार करून बघा.

अजून एक उदाहरण, घरातलं. चिकनचा ब्रेस्ट पीस घेतला तर त्यातल्या कॅलरीपैकी पाऊण प्रोटीनच्या. अंड्यात साधारण तिसरा हिस्सा, म्हंजे अंडं हे प्रोटीनपेक्षा फॅटचं जास्त आहे, कॅलरीत बघितलं तर. आणि शेंगदाणा? साधारण १८ टक्के. म्हंजे ग्रिझलीने आपलं आपण मिसळून जो आकडा निवडला तो आपल्या शेंगदाण्याच्या आसपास येतो. (याचा अर्थ अस्वलाला दाणे घाला असा नाही, आणि तुम्ही रोज पाव किलो दाणे खा असाही नाही.)

ताकदीचं म्हणाल तर स्नायू प्रोटीनचे बनतात हे खरं, पण ते चालवायला जी ऊर्जा लागते ती फॅटमधून येते अस्वलाच्या बाबतीत. गुहेत झोपलेलं ग्रिझली महिनोन्महिने हलत नाही, खात नाही, लघवीही करत नाही, आणि बाहेर येतं तेव्हा स्नायू बऱ्यापैकी शाबूत. कारण ते चरबी जाळतं आणि शरीरातलाच युरिया परत वापरून प्रोटीन वाचवतं. आपण आठ दिवस तापाने पडलो तरी पाय लटपटतात. तेव्हा अस्वलाची नक्कल करायची तर झोपेची करता येणार नाही, डाएटची करून काय फायदा.

ध्रुवीय अस्वल तर शुद्ध मांसाहारी ना? बर्फात फळं-बिळं काही नाही. मग त्याला जास्त प्रोटीन देऊन काय बिघडतं? वाघाला आपण मांस देतो तसंच.

हाच विचार जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांनी केला आणि त्याची किंमत अस्वलांनी भरली. मांसाहारी म्हंजे मांस खाणारा हे खरं, पण मांस म्हंजे प्रोटीन हे ध्रुवीय अस्वलाच्या बाबतीत खरं नाही.

हे जनावर सील मारतं, आणि सील मारल्यावर आधी काय खातं, तर कातडी आणि तिच्याखालचा चरबीचा जाड थर. लाल मांस बऱ्याचदा तसंच टाकून पुढे जातं, ते आर्क्टिक कोल्ह्यांना आणि अजून नीट शिकार न येणाऱ्या तरुण अस्वलांना होतं. रिंग्ड सीलचं दूध सुटलेलं पिल्लू असतं त्याच्या वजनातला जवळपास निम्मा भाग चरबीच असते, त्यामुळे वसंतात अस्वलं या पिल्लांच्या मागे असतात. सगळं शरीर चरबी पचवायला बनलंय, खाल्लेल्या चरबीतली जवळपास सगळी अंगी लागते. अस्वलीणीच्या दुधातही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास फॅट असतं, गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के असतं त्याच्याशी ताडून बघा. रक्तात कोलेस्टेरॉल इतकं की आपला फिजिशियन रिपोर्ट बघून खुर्चीतून उठेल, पण त्यांच्या जनुकांमध्येच त्याची सोय झालेली आहे, २०१४ मध्ये तपकिरी अस्वलाशी जनुकं ताडून बघितली तेव्हा रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या प्रोटीनचं जनुक त्यांच्यात बदललेलं सापडलं.

वाघ-मांजराचं वेगळं आहे. त्यांचं यकृत प्रोटीन तोडायचं मशीन कायम चालूच ठेवतं, त्यांना ते लागतंच, मांजराला भातावर ठेवलं तर मांजर खंगतं. अस्वल त्या वाटेने कधी गेलंच नाही. शिकार करायला लागलं तरी आतून ते कमी प्रोटीनवालं राहिलं. २०२१ मध्ये हे नीट मांडलं गेलं, जंगली ध्रुवीय अस्वलं काय खातात आणि बंदिवासातल्यांना निवड दिली तर काय निवडतात हे दोन्ही जुळलं, दोन्हीकडे फॅट जास्त प्रोटीन कमी. आणि जिथे त्यांना मोठ्या मांजरांसारखं प्रोटीनवालं खाणं दिलं जातं तिथे ती मूत्रपिंड आणि यकृताच्या आजाराने जातात, रॉबिन्स यांच्या टीमचं म्हणणं आहे की जगायला हवीत त्यापेक्षा सुमारे दहा वर्षं आधी. वर्षानुवर्षं किडनी निकामी झालेली अस्वलं शवविच्छेदनाच्या टेबलावर येत राहिली आणि म्हातारपण म्हणून लिहिलं जात राहिलं असणार, याचा मला खरंच राग येतो.

आणि हो, बर्फ वितळल्यावर ध्रुवीय अस्वल जमिनीवर येऊन बदकांची अंडी, बेरी, रेनडियर खाऊन जगेल असं काही लोक लिहितात, त्यांच्यासाठी. कॅनडातल्या हडसन बेच्या किनाऱ्यावर २० अस्वलांना कॅमेरावाले पट्टे बांधून उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे बघितलं. काही झोपून राहिली, काही बेरी खात फिरली, पक्षी, मेलेलं काही मिळालं तर तेही. २० पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं, सरासरी दिवसाला किलोभर. २०२४ मध्ये आलंय हे. जमिनीवर खाणं आहे, पण चरबी नाही.

पांडा नुसता बांबू खातो, त्यात कसलं आलं फॅट? की पांडा या सगळ्याला अपवाद आहे?

पांड्यावर अजून वाद चालू आहे म्हणून थोडक्यात. २०१९ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी म्हटलं की जंगली पांडा बांबूचे असे कोंब आणि पानं निवडतो की त्याच्या ऊर्जेतली जवळपास निम्मी प्रोटीनमधून येते, म्हंजे गवत खाणारा पण हिशोबाने मांसाहारी. वाचायला फार मस्त, सगळीकडे छापून आलं. मग २०२२ च्या त्याच कामात, ज्यात आपल्या अस्वलाचं अव्होकाडो प्रकरण आहे, चिनी प्राणिसंग्रहालयांमधल्या पांड्यांची निवड बघितली. त्यांनी पानांपेक्षा बांबूचा दांडा जास्त निवडला, मार्च महिन्यात तर ९८ टक्के दांडाच, आणि दांड्यात प्रोटीन कमी, पिष्ट जास्त. फॅट बांबूत नाहीच तर फॅटची जागा पिष्टाने घेतली. मला दुसरं म्हणणं पटतं, कारण जनावराला निवड दिल्यावर ते जे करतं त्यावर माझा विश्वास जास्त आहे, पण पांड्याच्या लोकांशी वाद घालणं म्हंजे साताऱ्यात कंदी पेढ्यावर मत देण्यासारखं आहे.

आम्ही मुलांना घेऊन कात्रजला आणि राणीच्या बागेत जातो. अस्वलांना फळं, दूध-पोळी असं दिलेलं बघितलंय. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते चुकीचं आहे का? मग आता आपल्याकडे अव्होकाडो आणायचे का?

अव्होकाडो आणू नका, बजेट बघून अधिकारी चक्कर येऊन पडतील. प्रयोगात अव्होकाडो होता म्हणून तोच पाहिजे असं काही नाही.

पण प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे अस्वलाला गोड आवडतं म्हणून फळं, आणि पोट भरावं म्हणून लापशी, पोळी, दूध असा रिवाज पडलाय, त्यामागे इतिहासही आहे. दरवेशी अस्वलं नाचवायचे, आठवत असेल ज्यांचं वय चाळीसच्या पुढे आहे त्यांना, नाकातून दोरी ओवलेली, दात तोडलेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते बेकायदेशीर झालं तरी चालूच होतं आणि मग आग्र्याजवळ, बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला अशी बचाव केंद्रं उघडून, अस्वलं नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा कामधंदा लावून देऊन, २००९ पर्यंत नाचणारी अस्वलं संपवली. त्या अस्वलांना दातच नव्हते तर त्यांना मऊ लापशी नाही तर काय देणार. तिथे ती गरज होती. पण धडधाकट दात असलेल्या अस्वलालाही तेच ताट आयुष्यभर द्यायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत आपल्या जातीची अस्वलं साधारण १७ वर्षं जगतात असं त्या २०२२ च्या अभ्यासाच्या वेळी सांगितलं गेलं, आणि चांगली काळजी घेतली तर ती जास्तीत जास्त जितकी जगू शकतात त्यापेक्षा हे जवळपास २० वर्षांनी कमी आहे. मरतात कशाने, तर बहुतेक वेळा यकृताच्या कॅन्सरने. तिथे खाणं पिष्ट आणि साखरेकडे झुकलेलं होतं. खाण्यामुळेच कॅन्सर होतो असा शिक्का त्यावरून मारता येणार नाही, पण जे जनावर निवड दिल्यावर साखर सोडून फॅटकडे जातं त्याला रोज साखर देत राहायचं आणि यकृत बिघडलं की आश्चर्य करायचं, हे काही बरं नाही.

आपल्याकडे काय करता येईल? लापशीतलं धान्य आणि गूळ कमी करून त्यात शेंगदाणा, सुकं खोबरं, अंडी हे हळूहळू वाढवता येईल, डोळा वजनावर ठेवून, कारण पिंजऱ्यातलं अस्वल फिरत नाही आणि फॅट दिलं की लगेच अंगावर चढतं, लठ्ठ अस्वलाचे सांधे जातात. वाळवी रोज किलोकिलोने पुरवणं शक्य नाही, पण जुनं लाकूड, वाळवी लागलेले ओंडके आवारात टाकले तर तासनतास ते त्याला फोडत बसतं, पोटापेक्षा डोक्यासाठी हे जास्त लागतं. आणि हे सगळं तिथल्या पशुवैद्याने रक्त तपासून ठरवायचं, मी सदरात लिहिलं म्हणून नाही. तुम्ही पिंजऱ्यापाशी उभे राहून केळं फेकायचं नाही एवढंच तुमच्याकडे. वेफरचं पाकीट तर नाहीच नाही, प्लास्टिकसकट गिळतात.

माझा मुलगा दुसरीत आहे, तो विचारतो की मग अस्वलाला मध आवडत नाही का? तो फार नाराज झालाय.

त्याला सांगा आवडतो, खूप आवडतो! आपलं अस्वल मधासाठी झाडावर चढतं, पोळं हलवून खाली पाडतं आणि मग खाली उतरून बसून खातं, माश्या चावत असल्या तरी कण्हत-कुंथत खात राहतं. फक्त ते चमच्याने मध नाही खात, अख्खं पोळंच खातं, मेणासकट, आणि पोळ्याच्या घरांमध्ये मधमाश्यांच्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या असतात, त्यात फॅट आणि प्रोटीन दोन्ही असतं. त्यातही मध आणि अळ्या असं दोन्ही एका घासात मिळतं हे अस्वलाचं नशीब. अमेरिकेत यलोस्टोनच्या बाजूला ग्रिझली तर तीन हजार मीटरच्या वर डोंगरावर जाऊन दगड उलटेपालटे करून पतंग, म्हंजे दिव्यावर येतात तसले किडे, खातात, एका दिवसात चाळीस हजारपर्यंत, का तर त्या पतंगाच्या शरीरात उन्हाळ्याच्या शेवटी सत्तर टक्क्यांच्या आसपास चरबी साठलेली असते. हे त्याला वाचून दाखवा, आणि चाळीस हजार म्हंजे किती ते विचारलंन तर दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एवढी मोठी संख्या नसते, तेव्हा तेवढं तुम्हाला सांगावं लागेल.